जुळे सोलापुरातला नवा लक्झरी टॉवर: सॅम्पल फ्लॅट बघून आलो

बिल्डरचं नाव लिहीत नाही, पण फ्लॅट घ्यायचा विचार असेल तर आधी हे वाचा. लॉबी भारी आहे, लिफ्ट दोन, शिवाय स्ट्रेचर मावेल अशी तिसरी, त्याला पैकीच्या पैकी मार्क. पण एलिव्हेशन, म्हणजे इमारतीची बाहेरची बाजू, बघून खरंच वाईट वाटलं. पश्चिमेची अख्खी बाजू काचेची! अहो सोलापुरात मे महिन्यात पारा सहज ४२-४३ला जातो, दुपारी चारला हॉलमधल्या टाइल्सवर अनवाणी पाय ठेववेना आणि एसी १८ वर लावलेला, तरी काचेजवळ उभं राहिलं की झळ लागतेच. वर छज्जा म्हणून काहीच नाही, विचारलं तर म्हणे लुक बिघडतो.

आपल्याकडं जुन्या वाड्यांना जाडजूड भिंती, मधे चौक, वर धाबं, उगाच नव्हतं हो ते. आपल्या महापालिकेची जुनी इमारत इंद्रभुवन बघा, नक्षी किती आणि सावली किती, ती इमारत बघायला आजही माणूस थांबतो. उंच बांधायला माझा अजिबात विरोध नाही, पण खोल बाल्कनी द्या, पश्चिमेला जिने-बाथरूम टाका, समोरासमोर खिडक्या ठेवा, हवा खेळू द्या.

किचन मात्र मस्त, ड्राय बाल्कनीत धुणं-भांडी दोन्ही होतात. पाणी काही दिवसांआड येणाऱ्या गावात खालची टाकी किती लिटरची हे नक्की विचारा, आम्हाला सेल्सवाल्यानं आकडा सांगितलाच नाही. घ्यायचाच असेल तर पूर्वेकडचा घ्या, तोही दुपारी जाऊन बघून.