शाळेच्या जुन्या वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप : वर्षभर वापरल्यानंतर

शाळेच्या जुन्या वर्गाचा ग्रुप काढावा का, असं माझ्या वयाचे बरेच जण मला विचारतात. काढा, पण लिहिण्यासाठी नाही, बोलण्यासाठी काढा, असं मी सांगते. गेल्या वर्षीचा सिद्धेश्वरांचा गड्डा (सोलापूरची जानेवारीतली यात्रा) संपल्यावर आम्ही आमचा ग्रुप सुरू केला आणि आता पुढचा गड्डा तोंडावर आलाय. एवढ्या काळात जे टिकलं ते आवाजातलं टिकलं. सुविचार, फुलांची चित्रं, सणांच्या शुभेच्छा यांतलं आठवणीत काहीच नाही. पण कोण कसा खोकत होता, कुणाच्या घरात मागे कुकरची शिट्टी वाजत होती, कोण बोलता बोलता थांबली, हे सगळं लक्षात आहे.

१९७५ साली अकरावीची जुनी मॅट्रिक आणि दहावीची नवी एसएससी एकाच वर्षी झाली. दहावीच्या त्या पहिल्या बॅचचे आम्ही. आज सगळे पासष्टी ओलांडलेले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. बाकीच्यांत कुणी बँकेत होतं, कुणी गिरणीत, कुणी रेल्वेत, कुणी अजून स्वतःच्या यंत्रमागावर उभं आहे.

मुलं लवकर सापडली. नावं तीच, आणि कित्येकांची घरंही त्याच पेठेत. मुलींचं तसं नव्हतं. आडनाव तर बदलतंच, पण आमच्या काळी लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव लिहायचे आणि पहिलं नाव माहेरी राहायचं. शाळेच्या जनरल रजिस्टरात जी मुलगी आहे ती आज त्या नावाने तिच्या नातवंडांनाही ठाऊक नाही. त्यामुळे आम्ही माहेरच्या बाजूने शोधलं. आधी जुना पत्ता, मग तिथे राहणारा भाऊ, भावाकडून वहिनी, आणि वहिनीकडे नंबर. नंबर मिळाला तरी तो तिचा असेलच असं नाही, बऱ्याचदा नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. ग्रुपमध्ये ती दिसते, पण निरोप आधी मुलगा वाचतो. एक मैत्रीण सुरुवातीचे काही महिने एक अक्षर बोलली नाही. आम्हाला वाटलं, तिला नको असेल. नंतर कळलं की फोन सुनेचा होता. तिला स्वतःचं सिम आणि भाच्याचा जुना हँडसेट मिळाला, त्याच संध्याकाळी तिने दहावीच्या वर्गातल्या खिडकीबाहेरच्या चिंचेपासून सुरुवात केली ती रात्री जेवणाच्या वेळी थांबली. ग्रुप काढणाऱ्यांनी हे आधी विचारावं : हा फोन तुझाच का? तो तिचा नसेल तर तिच्या आजारपणाचं, घरातल्या कुरबुरींचं ग्रुपवर काही विचारू नये, सरळ फोन करावा.

व्हॉट्सॲपच्या सगळ्या सोयींत आवाजाचा निरोप ही सर्वांत मोठी सोय का, ते आमच्या वर्गाकडे बघितलं की समजतं. आम्ही सोलापूरचे. वर्गात निम्म्यांच्या घरी तेलुगू, काहींच्या घरी कानडी, शाळेत मराठी. बोलायला सगळे तयार, मराठीत टाइप करायला बसवलं की गप्प. त्यातून कुणाला मोतीबिंदू, कुणाची बोटं संधिवाताने आखडलेली, एकाचा हात कापतो. माइकचं बटण दाबून बोट वर सरकवलं की कुलूप लागतं, मग धरून ठेवावं लागत नाही. पाठवण्याआधी आपलं बोलणं ऐकूनही घेता येतं. ही दोन कामं शिकवायला आम्हाला फार वेळ लागला नाही. हात कापणारा मित्र आता सगळ्यांत जास्त बोलतो.

पूर्व भागातली आमची एक मैत्रीण आजही घरी विड्या वळते. लहानपणापासून वळते आहे. भिजवलेलं पान कापायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा, यात दोन्ही हात आणि डोळे गुंतलेले. लिहिलेला निरोप तिला दुपारी काम उरकल्याशिवाय वाचता येत नाही आणि तोवर दीडशे निरोप साचलेले असतात. आवाजाचं तसं नाही. एक निरोप संपला की पुढचा आपोआप लागतो, फोन शेजारी उभा केला की झालं. ती म्हणते, सूप मांडीवर आणि वर्ग कानाशी. यंत्रमाग असलेल्या मित्राच्या निरोपात मागे मागाची खटखट इतकी असते की तो काय म्हणतो ते अर्धंच कळतं. ‘आहेस का बे? काय करुलालास?’ एवढं मात्र रोज स्पष्ट येतं. ऐकण्याचा वेग दीडपट, दुप्पट करता येतो. नातवंडं तसं ऐकतात. आम्ही वेग वाढवायचा नाही असं ठरवलंय, कारण म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्यातली थांबण्याची जागाही ऐकायची असते.

पहिले काही आठवडे मुली मुलांना ‘तुम्ही’ म्हणत होत्या आणि मुलं मुलींना ‘मॅडम’. शाळेत आम्ही एकमेकांशी बोललोच नव्हतो. बाकांच्या दोन रांगा वेगळ्या, मधल्या सुट्टीतली पटांगणाची बाजूही वेगळी. मग एका मैत्रिणीच्या नातवाचा पाय मोडला, तेव्हा हाडांचे दवाखाने कुठे, कोण बरं बघतं, हे विचारताना सगळेच ‘अगं’ आणि ‘अरे’वर आले. तिथून मागे गेलं नाही.

आम्ही एक व्यवस्था केली, ती मला सगळ्यांत मोलाची वाटते. आधी रोज सकाळी ग्रुपवर हजेरी घेत होतो. जे एकटे राहतात त्यांची काळजी होती. पण सगळ्यांची हजेरी सगळ्यांनी ऐकायची हे चाललं नाही. कुणी गावाला गेलं, कुणाच्या नळाला त्या दिवशी पाणी आलं (सोलापुरात पाणी काही दिवसांआड येतं, आलं की बाकी सगळं बाजूला), की हजेरी राहायची आणि उगाच धावपळ व्हायची. मग आम्ही जोड्या लावल्या. दोघांनी एकमेकांना रोज आवाजात एक निरोप द्यायचा, ग्रुपवर नाही, एकमेकांनाच. दुपारपर्यंत आला नाही तर जोडीदाराने फोन करायचा, आणि फोन उचलला नाही तर घरातल्या माणसाचा किंवा शेजाऱ्याचा नंबर जवळ ठेवलेला असतो, त्यावर.

या जोडीचा उपयोग पावसाळ्यात झाला. जुळे सोलापुरात राहणाऱ्या आमच्या मित्राचा सकाळचा निरोप आला. आला खरा, पण शब्द जड, ‘र’ आणि ‘ल’ एकमेकांत मिसळलेले. दुसऱ्या कुणाला ते झोपेतलं बोलणं वाटलं असतं. जोडीदार रोज त्याचा आवाज ऐकत होता. त्याने लगेच व्हिडिओ कॉल लावला, दोन्ही हात वर कर म्हणाला. डावा हात वर जाईना, तोंडाची एक बाजू ओघळलेली. जोडीदाराने मित्राच्या सुनेला फोन केला, तिने रुग्णवाहिकेच्या १०८ ला. अर्धांगवायूचा झटका रक्ताच्या गुठळीने आलेला असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन काढून मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. म्हणजे हातात वेळ फारच थोडा. ते वेळेत पोहोचले. आज मित्र काठी घेऊन सिद्धेश्वर तलावाच्या काठी फिरायला येतो आणि डाव्या हाताची पकड अजून कमी आहे म्हणून कुरकुरतो. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येकाला तीन गोष्टी पाठ आहेत : तोंड वाकडं झालंय का, हात वर जातो का, बोलणं अडखळतं का. लिहिलेल्या ‘शुभ सकाळ’मध्ये यातलं एकही कळलं नसतं.

निवृत्तीबद्दल बोलणं मात्र आम्हाला जड गेलं, आणि त्यावर मी थोडं सविस्तर लिहिते. ग्रुप सुरू झाला तेव्हा ‘रिटायरमेंटनंतरचं आयुष्य’ या विषयावर बँकेतला मित्र आणि मीच जास्त बोलत होतो. बाकीचे गप्प. कारण उघड होतं, वर्गातले कितीतरी निवृत्त झालेच नाहीत. माग चालवणारा थांबला तर घर थांबतं. विड्या वळणारीला साठी लागली म्हणून कुणी हार घातला नाही. गिरणीत आणि नंतर खासगीत नोकरी केलेल्यांना ईपीएस-९५ ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीतली, पेन्शन आहे, आणि तिची किमान रक्कम सप्टेंबर २०१४ पासून महिना १,००० रुपयेच आहे. जिल्हा परिषदेची पेन्शन घेणाऱ्या माझ्यासारखीने त्यांच्यासमोर ठेवी आणि सहलींवर बोलत राहावं, हे मला पटेना. मग आम्ही पैशांच्या सल्ल्याचा वेगळा छोटा ग्रुप केला, ज्याला हवं त्याने यावं. तिथे बँकवाला मित्र ज्येष्ठ नागरिक बचत योजनेबद्दल सांगतो : साठीनंतर खातं, पाच वर्षांची मुदत, ३० लाखांपर्यंत मर्यादा, व्याज दर तिमाहीला. मोठ्या ग्रुपमध्ये सगळ्यांच्या कामाचं तेवढंच.

सगळ्यांच्या कामाचं म्हणजे काय, तर एक उदाहरण पेन्शन चालू राहण्यासाठी दर वर्षी द्याव्या लागणाऱ्या हयातीच्या दाखल्याचं. गिरणीतून निघालेल्या मित्राच्या बोटांचे ठसे वर्षानुवर्षं सुताशी घासून इतके पुसट झालेत की मशीन अंगठा घेईना. दर वेळी हेलपाटे. २०१४ पासून जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला, आहे आणि नोव्हेंबर २०२१ पासून त्यात चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आहे. त्यासाठी फोनमध्ये आधार फेस आरडी आणि जीवन प्रमाण ही दोन ॲप लागतात. मी त्याला टप्प्याटप्प्याने आवाजात सांगत गेले, तो ऐकून थांबायचा, करायचा, पुढचा निरोप लावायचा. खिडकीकडे तोंड करून बस, चष्मा काढ, पापणी मिटून उघड. झालं. ईपीएसवाल्यांना तर दाखला वर्षात कधीही देता येतो आणि तो दिल्यापासून १२ महिने चालतो, नोव्हेंबरची गर्दी लागत नाही. हे त्याला इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरं, एका मैत्रिणीचे मिस्टर बहात्तर वर्षांचे, हृदयाचं ऑपरेशन सांगितलेलं. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न ठेवता वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार देणारं आयुष्मान वय वंदना कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून आहे, हे ग्रुपवरच बोललं गेलं आणि आधार कार्डावर ते निघालं. आमच्या वर्गातल्यांना त्याला अजून थोडी वर्षं आहेत, पण बऱ्याच जणींचे यजमान त्या वयात आहेत. कार्ड आजारी पडायच्या आधी काढून ठेवा.

फॉरवर्डचा त्रास आम्हालाही झाला. एकाने कारल्याची पूड आणि कसल्यातरी बियांच्या निरोपावर विश्वास ठेवून साखरेच्या गोळ्या बंद केल्या आणि त्याची साखर भयंकर वाढली. आता नियम असा : दोन बाणांचं चिन्ह असलेला, म्हणजे अनेकदा पुढे गेलेला निरोप ग्रुपवर टाकायचा नाही. तसा आला तर ॲडमिन तो सगळ्यांसाठी पुसतो, आणि कुणी वाईट वाटून घेत नाही. लग्नपत्रिका म्हणून येणारी एपीके फाइल उघडायची नाही, कारण पत्रिका कधी ॲप म्हणून येत नसते. व्हिडिओ कॉलवरून अटक करणारा पोलीस कुठल्याही कायद्यात नाही. पैसे गेले तर त्याच घटकेला १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन. या तीन गोष्टी दर महिन्याला पुन्हा बोलून दाखवतो.

गट कॉल आम्ही रविवारी संध्याकाळी करतो. एका कॉलमध्ये ३२ जण बसतात, पण खरं सांगायचं तर सातआठांच्या पुढे नुसता गोंगाट होतो. त्यात मला फारसं काही सापडलं नाही. प्रत्यक्ष भेट हवी. मागच्या थंडीत अक्कलकोट रोडच्या एका शेतात हुरड्याला जमलो, तारीख ग्रुपवर मतदान घेऊन ठरवली. बाहेरगावचे एसटीने आले. महिलांना अर्धं तिकीट आहे आणि पासष्टीच्या पुढच्या पुरुषांनाही, त्यामुळे आमच्या वर्गाला आता सरसकटच अर्धं. गरम हुरडा, शेंगाचटणी, आणि पन्नास वर्षांनी एकाच सतरंजीवर बसलेल्या बाकांच्या दोन रांगा.

मृत्यूच्या बातमीचं कसं करावं, हे आम्हाला हळूहळू उमगलं. पहिला मित्र गेला तेव्हा ग्रुपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची रांग लागली. त्याचा फोन वहिनींकडे होता आणि तो दिवसभर वाजत राहिला. आता बातमी एकच जण देतो, वेळ आणि स्मशानाचं ठिकाण सांगतो, आणि त्याखाली कुणी काही लिहीत नाही. ज्याला जमेल तो घरी जातो, न जमणारा नंतर फोन करतो. त्या वहिनींना आम्ही विचारलं, नंबर ग्रुपमधून काढू का. त्या राहू दे म्हणाल्या. आता त्या कधीकधी बोलतात, आणि आम्ही त्यांना वहिनीच म्हणतो.

नवीन ग्रुप काढणाऱ्यांसाठी कामाचं एवढंच उरलं. फोटो-व्हिडिओ आपोआप उतरण्याचं सेटिंग सगळ्यांच्या फोनमध्ये पहिल्याच दिवशी बंद करा, नाहीतर स्वस्तातला हँडसेट दोन महिन्यांत भरतो. अक्षरं मोठी करून द्या. दोन टप्प्यांच्या पडताळणीचा पिन लावा आणि तो फोनच्या कव्हरमागे चिकटवू नका. आणि रिचार्जकडे लक्ष ठेवा. आमच्यात कुणी अचानक गप्प झालं, तर आधी पॅक संपलाय का ते बघतो, कारण बऱ्याचदा तेवढंच निघतं आणि ती व्यक्ती पैशांमुळे ते सांगत नाही. जोडीदाराने जोडीदाराच्या पॅकची तारीख आपल्या कॅलेंडरवर लिहून ठेवायची आणि आधल्या दिवशी विचारायचं. विड्या वळणाऱ्या मैत्रिणीची जोडी माझ्याशी आहे. तिची तारीख माझ्या कालनिर्णयवर स्वयंपाकघरात लिहिलेली असते.