बीपीचं मशीन घेताय तर आधी दंड मोजा

आईसाठी दंडाला बांधायचं डिजिटल बीपी मशीन घेऊन दीड वर्ष झालं, रोज वापरतोय, म्हणून आता लिहितेय. सोलापुरात नवी पेठेतल्या एका मेडिकलमधून घेतलं, 2,150 रुपये, मोठा पट्टा वेगळा घ्यावा लागला त्याचे 650.

आधी आईबद्दल सांगते, त्याशिवाय ह्या मशीनची किंमत कळणार नाही. आई अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवायला जायची, बीपी 2012 पासून, सकाळी एक गोळी टेल्मिसार्टनची आणि सगळं नीट. 2020 ला व्हॉट्सॲपवर कुणीतरी पाठवलं की ह्याच गोळ्यांनी कोरोना वाढतो, आणि आईने आठ-दहा दिवस गोळी बंद केली, मला कळलंच नाही, ते आठवलं की अजून जीव तुटतो. नंतर ब्राझीलमध्ये कोविडच्या 659 पेशंटवर ट्रायल झाली, त्यात ह्या गोळ्या बंद करून काही फायदा दिसला नाही. कुणी अजून त्या भीतीत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका.

एप्रिल 2021 ला आईला कोविड झाला, आठ दिवस ऑक्सिजन लागला, घरी आली आणि आम्हाला वाटलं सुटलो. पण नऊ वर्षं एका गोळीवर राहिलेलं बीपी त्यानंतर ताळ्यावर आलंच नाही. वरचं 160-165, खालचं 75 च्या आसपास, म्हणजे दोन्हीत अंतर खूप. दवाखान्यात मोजलं की वेगळंच, घरी चक्कर. मग मी मनगटाचं मशीन आणलं (कंपनीचं नाव घेत नाही), ते पाच मिनिटांत एकदा 128 दाखवायचं एकदा 171, आईचा विश्वासच उडाला.

आमच्या डॉक्टरांनी कागदावर काढून समजावलं. रक्तवाहिनीला आतून पेशींचं पातळ अस्तर असतं, ते नायट्रिक ऑक्साइड बनवतं आणि त्याने वाहिनी सैल पडते. बीपी असलेल्यांचं हे अस्तर आधीच दुखावलेलं असतं. त्यात कोविडची सूज. आणि विषाणू पेशीवरच्या ज्या एसीई-2 नावाच्या प्रथिनाला धरून आत शिरतो ते एसीई-2 एरवी वाहिन्या आवळणाऱ्या अँजिओटेन्सिन-2 ला मोडायचं काम करत असतं, त्यामुळे वाहिन्या आवळण्या-सैल होण्याचा तोलही बिघडतो. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवर पडलेला पाण्याचा पाइप कसा कडक होतो, तसं वाहिन्यांचं होतं म्हणाले, आणि कडक वाहिनीत वरचं बीपी चढतं, खालचं तितकं चढत नाही. 2025 ला 16 देशांतल्या जवळपास 2,400 लोकांचा कार्टेशियन नावाचा अभ्यास आला, त्यात कोविड झालेल्यांच्या धमन्या जास्त कडक निघाल्या, बायकांमध्ये जास्तच, आणि लस घेतलेल्यांमध्ये त्यातल्या त्यात कमी. आईचं कोविडमुळेच की वयामुळे हे डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत, पण बीपी आटोक्यात ठेवायलाच हवं हे दोन्हीकडून खरं.

आता मशीन. दुकानदार म्हणाला, "ताई, मनगटाचं सोपं पडतं, पण आईंना दंडाचंच न्या." ऐकलं ते बरं झालं. पण बॉक्समधला पट्टा 22 ते 32 सेंटीमीटरचा आणि आईचा दंड 35, छोट्या पट्ट्याने बीपी उगाच जास्त येतं, आमच्याकडे 10-12 ने जास्त यायचं. मोठा पट्टा आणला आणि आकडे एकसारखे यायला लागले. बॉक्सवर हे बारीक अक्षरात लिहिलंय, ही माझी मोठी तक्रार. दुसरी, बोलून आकडे सांगतं ते हिंदी-इंग्रजीत, मराठी नाही. चार पेन्सिल सेल तीन महिने जातात. ठोके अनियमित असले की हार्टचं चिन्ह लुकलुकतं, एकदा लागलं म्हणून लगेच ईसीजी काढला, नॉर्मल आला.

आई आधी चटईवर मांडी घालून मोजायची, आता खुर्चीत टेकून, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीत, पाच मिनिटं शांत बसून, चहा आणि गोळीच्या आधी, एक मिनिट सोडून दोनदा, परत संध्याकाळी तसंच. डॉक्टरांकडे जायच्या आधी सात दिवसांचं वहीत लिहायचं, पहिला दिवस सोडून सरासरी, घरी 135/85 च्या खाली पाहिजे. ती वही बघूनच त्यांनी दुसरी गोळी सुरू केली आणि आता वरचं 130 च्या आसपास असतं. जेवताना शेंगाचटणी आणि पापड कमी केले, आईला ते फार जड गेलं.

गेल्या मे मध्ये ऊन 43 वर गेलं तेव्हा तीन दिवस 98/60 आलं, वही नेली, डॉक्टरांनी डोस कमी केला. मशीन नसतं तर उन्हाने गळून गेलीय म्हणून लिंबू-मीठ-साखरेचं पाणी देत बसलो असतो.

वाहिनी किती कडक झालीय हे मात्र ह्या मशीनवर कळत नाही, त्याला मानेपासून मांडीच्या सांध्यापर्यंत नाडीची लहर किती वेगाने जाते ते मोजावं लागतं, ते यंत्र वेगळं. घेणार असाल तर घरूनच शिंप्याच्या टेपने दंड मोजून जा, पट्टा दुकानातच बांधून बघा आणि पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांच्या मशीनशी ताडून घ्या, आमच्यात 4 चा फरक निघाला.