ओल्या वजनाला वाळलेला भाव

परवा मामेबहिणीने तिच्या गावात मशरूमच्या धंद्यासाठी भरलेल्या बैठकीचा फोटो पाठवला. मागच्या फळ्यावर लिहिलेलं होतं : १०० बेड × दीड किलो × ७०० रुपये = १,०५,०००. बेड म्हणजे भुसा आणि मशरूमचं बियाणं भरलेली पिशवी. कंपनीचं नाव वेगळं, अक्षर वेगळं, पण हिशेब तोच. कराडजवळच्या आमच्या गावात बचत गटाच्या बैठकीत मी हाच हिशेब वहीत उतरवून घेतला होता. म्हणून हे सगळं लिहायला बसले आहे.

आमच्याकडे नोव्हेंबरात दोघं जण आले होते. 'घरच्या घरी मशरूम, माल आम्हीच घेणार' अशी त्यांची योजना. १५,००० रुपये भरायचे. त्यात एक दिवसाचं प्रशिक्षण, १० किलो स्पॉन म्हणजे मशरूमचं बियाणं, पिशव्या, फवारणीचा छोटा पंप आणि हवेतला ओलावा दाखवणारं घड्याळासारखं यंत्र. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर करार, की वाळवलेली धिंगरी, म्हणजे शिंपल्यासारखं दिसणारं मशरूम, ते ७०० रुपये किलोने विकत घेतील. सासूबाईंना अळंबी नवी नव्हती. माहेरी पावसाळ्यात वारुळापाशी उगवलेली अळंबी त्यांनी खूप खाल्लेली. त्यांनी एवढंच विचारलं, "हे घेऊन जाऊन विकणार कुणाला?" त्यावर मुंबईची हॉटेलं, औषध कंपन्या, परदेश अशी नावं भराभर आली. मी पैसे भरले.

आता फळ्यावरच्या त्या हिशेबाकडे नीट बघा, कारण खरी फसवणूक तिथेच आहे. दीड किलो हे वजन ओल्या मशरूमचं आहे आणि ७०० रुपये हा भाव वाळलेल्या मशरूमचा आहे. धिंगरीत साधारण नव्वद टक्के पाणी असतं. दहा किलो ओली वाळवली की हातात एक किलो येते. शिवाय एका बेडमध्ये किलोभर कोरडा भुसा असेल, तर दोन-तीन तोडण्या मिळून पाऊण किलो ओली धिंगरी निघाली तरी चांगलं पीक म्हणायचं. म्हणजे १०० बेडचे ७५ किलो ओले, त्याचे साडेसात किलो वाळलेले, आणि ७०० च्या भावाने ५,२५० रुपये. एक लाख पाच हजार नव्हे, पाच हजार अडीचशे. त्यातून पुढच्या वेळचं स्पॉन त्यांच्याकडूनच घ्यायचं, ४०० रुपये किलोने, म्हणजे ४,००० गेले. भुसा, पाणी गरम करायचं जळण, वाळवायची वीज आणि दीड महिन्याची मेहनत वेगळीच. त्यांनी करार शब्दाला जागून पाळला असता, तरीही आमच्या हाती काही उरलं नसतं. हे मला कळायला दहा महिने लागले. फळ्यावर 'ओले' आणि 'वाळलेले' हे दोन शब्द कुठेही नव्हते.

पीक मात्र छान आलं, आणि फसायला तेच कारण झालं. सोयाबीनचा भुसा रात्रभर भिजवला, गरम पाण्यात तासभर ठेवून निथळून गार केला, थरावर थर देऊन पिशव्या भरल्या. मागच्या खोलीत ओली गोणपाटं लावली. अठरा-वीस दिवसांत पिशव्या पांढऱ्याशुभ्र झाल्या, पिशवी कापल्यावर आठवडाभरात शिंपल्यांसारखे गुच्छ बाहेर आले. ते पाहून कुणालाही वाटेल की ही माणसं खरी आहेत. पण बियाणं उगवलं यातून बियाणं चांगलं होतं एवढंच कळतं. विकत घेणारा खरा आहे की नाही, ते कळत नाही.

जानेवारीत माझे सात किलो वाळलेले मशरूम त्यांनी दारात येऊन मोजले, ४,९०० रुपये रोख दिले आणि माझा फोटो काढला. तो फोटो पुढे किती गावांत दाखवला असेल, कोण जाणे. त्या पैशांवर विसंबून मी गटातल्या तिघींना सांगितलं. त्यांनी गटातूनच कर्ज काढून प्रत्येकी १५,००० भरले. प्रत्येकीमागे मला १,००० रुपये 'प्रोत्साहन' म्हणून मिळाले आणि ते तीन हजार मी घेतले. हे लिहिताना हात अडखळतो, पण लिहायला हवं. ते पैसे त्या तिघींचेच होते.

उन्हाळ्यात आमच्याकडे धिंगरी नीट येत नाही, म्हणून सगळ्यांनी जूनमध्ये बेड भरायचं ठरलं. या वेळी आलेल्या स्पॉनच्या काही पिशव्यांत तळाशी पिवळं पाणी होतं, वास आंबूस होता. फोनवर उत्तर मिळालं, "पावसाळ्यात असंच असतं." तसं नसतं. चांगल्या स्पॉनचा दाणा न् दाणा पांढऱ्या जाळ्याने झाकलेला असतो, कुठे हिरवा-काळा डाग नसतो, आणि पिशवीवर तयार केल्याची तारीख असते. आमच्या पिशव्यांवर तारीख नव्हती. बऱ्याच बेडवर हिरवी बुरशी आली, ते उचलून लांब नेऊन टाकावे लागले. चौघींचा मिळून १९ किलो वाळलेला माल झाला.

ऊन नव्हतंच. पंख्याखाली, चुलीच्या धगीवर, कसंबसं वाळवलं. वाळलेली धिंगरी मोडली तर 'कट्' असा आवाज यायला हवा. आमची तशी मोडत होती. लगेच बंद डब्यांत भरली. 'उद्या येतो' म्हणणारी माणसं तीन आठवड्यांनी आली, भर पावसात. ओटीवर सगळे डबे उघडायला लावले, चहा घेतला, दीड-दोन तास इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या आणि मग एक तुकडा उचलून वाकवला. तो मोडला नाही, चामड्यासारखा वाकला. "ओलावा जास्त आहे. माल रिजेक्ट." वाळलेलं मशरूम पावसाळी हवेतलं पाणी किती पटकन ओढून घेतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. करारात 'कंपनीच्या गुणवत्ता निकषांनुसार' असं एक वाक्य होतं. निकष कोणते, ओलावा किती टक्के चालेल, मोजणार कोण, यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. मी ते वाक्य सहीच्या वेळी वाचलंही होतं.

गणपतीनंतर फोन बंद झाला. पत्त्यावर गेलो तर भाड्याचा गाळा, शटर ओढलेलं. पावत्या काढून पाहिल्या तर त्यांवर 'प्रशिक्षण शुल्क' लिहिलेलं, बियाण्याचा उल्लेख नाही, जीएसटी क्रमांक नाही. प्रशिक्षण तर झालंच होतं! पोलिसांत अर्ज दिला आहे. ग्राहक आयोगाचं म्हणाल, तर हा धंद्याचा व्यवहार आहे, तुम्ही ग्राहक नाही, असं आम्हाला दोघांनी सांगितलं. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला ग्राहकच धरलं आहे. ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे, आणि ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर विचारता येतं. तुमच्यापैकी कुणी फसलं असेल तर गप्प बसून ती मुदत घालवू नका.

पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीचा प्रकल्प आहे, तिथे मी नंतर गेले. जे आधी करायचं ते शेवटी केलं. स्पॉन शंभराच्या आसपास किलो मिळालं. आता आठवड्याला दहाच बेड भरते, म्हणजे तोडणी थोडी थोडी येते, कारण ताजी धिंगरी दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही. २०० ग्रॅमची पुडी ४० रुपयांना कराडात जाते. लाखाची गोष्ट नाही, पण घेणारी माणसं मला समोर दिसतात, आणि एकाने नाही घेतलं तर दुसरा घेतो. बियाणं देणारा आणि माल घेणारा एकच असला, की आपल्याला दुसरं दारच उरत नाही. खोलीत तोडणी करताना नाकातोंडावर रुमाल मात्र बांधा, धिंगरीची भुकटी उडते आणि खोकला धरतो. सासूबाईंना तो धरला होता.

मामेबहिणीला मी लगेच फोन केला. त्यांच्यातल्या दोघींचे पैसे भरून झाले होते, ती स्वतः सोमवारी भरणार होती.

ते तीन हजार मी तिघींना परत दिले. दोघी आता माझ्यासोबत बेड भरतात, त्यातून त्यांच्या कर्जाचे हप्ते जातात. तिसरी बैठकीला येते, हप्ता ठेवते आणि माझ्याकडे न बघता निघून जाते. तिचे अजून सात हप्ते बाकी आहेत.