सीताअशोक लावावा की रक्तचंदन?

दुर्मीळ झाड लावायचं ठरवलंय आणि या दोघांत अडकलाय? मग आधी जागेवर दिवसभरात ऊन किती तास पडतं ते बघा. खताचं नंतर.

रक्तचंदन मूळचं आंध्रातल्या शेषाचलम, कडप्पाकडच्या डोंगरांतलं; जमीन खडकाळ, उथळ, पाऊस बेताचा. कोवळं रोप सुरुवातीला हिरव्या जाळीखाली ठेवलं तरी पुढे त्याला उघड्यावर आणावंच लागतं. सावलीतच राहिलं तर ते उंच दिसतं, पण खोड सुतळीसारखं आणि मुळं तोकडी. रोप निवडताना उंचीला भुलू नका, बुडाशी जाडी बघा.

सीताअशोक पश्चिम घाटात ओढ्याकाठी, मोठ्या झाडांच्या छायेत वाढणारा. (नुसता ‘अशोक’ मागितलात तर सरळसोट आसुपालव हातात पडेल. तो नव्हे.) त्याची तांबूस, लोंबती पालवी एप्रिलच्या दुपारी उघड्यावर करपते. निम्मं ऊन अडवणारी जाळी किंवा आंब्याखालची जागा त्याला मानवते. बी टपोरं, सुरुवातीचा शिधा त्यातच असतो, म्हणून उगवल्यावर लगेच खताची घाई नको. मात्र बी वाळलं की उगवत नाही, ताजंच लावावं.

खताच्या बाबतीत गंमत आहे. दोन्ही झाडं शेंगावर्गातली, पण हवेतलं नत्र (नायट्रोजन) बांधणाऱ्या गाठी येतात त्या रक्तचंदनाच्या मुळांवर. तिथे युरिया सढळ टाकला की रोप आयत्या नत्रावर जगतं, गाठी धरत नाहीत. सीताअशोकाला ती सोय नाही, त्याला पालापाचोळ्याचं खत आणि ओल हवी. पण गर्द सावलीत त्यालाही खताचा मारा करू नका. उजेडच अपुरा असेल तर रोप ते वापरणार कसं? पहिल्या जोरदार पावसात बरंचसं खत वाहून जातं.

मुरमाड, निचऱ्याची, उघडी जमीन असेल तर रक्तचंदन. पाणी साचलं तर मात्र मुळं कुजतात. लाकडाच्या पैशांवर डोळा असेल तर तांबडा गाभा भरायला काही दशकं लागतात हे धरून चाला. कोकणात किंवा घाटमाथ्यावर मी तरी डोळे झाकून सीताअशोक लावीन, तो इथलाच आहे. अंगण अर्धं उन्हात, अर्धं सावलीत असेल तरीही तोच. सकाळचं ऊन मिळू द्या, पश्चिमेला भिंत आड असू द्या.