आठ महिने क्रोशा, हळद आणि एक फिकट पडलेलं बदक

क्रोशानं खेळणी विणायची माझी सुई चांगली आहे, ते आधी सांगून टाकते. २.५ मिलिमीटरची, ॲल्युमिनियमची, रबरी मुठीची. आठ महिन्यांत मूठ जरा चिकट झालीय, बाकी तक्रार नाही. आईची जुनी बारीक सुई वापरायचे तेव्हा तासाभरात अंगठा बधिर व्हायचा. सुती दोऱ्याच्या वेष्टनावर ३.५ची सुई सुचवलेली असते. रुमालाला ते ठीक, पण खेळण्याची वीण घट्टच हवी, नाहीतर पोटातला फायबर बाहेर डोकावतो.

अमिगुरुमी, म्हणजे अशी विणून आत फायबर भरलेली छोटी खेळणी, हा जपानी प्रकार जवळजवळ सगळा मुक्या खांबांवर (क्रोशाचा एक आखूड टाका) चालतो. मॅजिक रिंगमध्ये, म्हणजे ओढून घट्ट करता येणाऱ्या दोऱ्याच्या फासात, ६ टाके, पुढच्या फेरीत १२, मग १८, मग २४. फेरी जोडायची नाही, शंखासारखं गोल गोल वर चढत जायचं. म्हणूनच फेरी कुठं सुरू झाली ते हरवतं. तिथं वेगळ्या रंगाचा दोरा अडकवा. खुणेचे विकतचे मार्कर मी दोन महिन्यांत हरवून बसले. प्लॅस्टिकचे डोळेही आणले होते, पण तान्ह्या बाळासाठी करायचं असेल तर ते नकोतच. काळ्या दोऱ्यानं डोळे भरा.

आता रंग. सांगलीत राहून हळदीशिवाय दुसरं काय सुचणार? घरात वर्षाची हळद डब्यात भरलेली. पहिल्यांदा ॲक्रिलिक लोकर बुडवली. धुतल्यावर सगळा रंग पाण्याबरोबर मोरीत. मग सुती दोरा घेतला, तोही गुंडाच्या गुंडा पातेल्यात टाकला. वरून झकास पिवळा, उलगडला तर आत पांढरा! लडी करून चार ठिकाणी सैल बांधायची असते, हे तेव्हा कळलं.

सुती दोरा रंगवण्याआधी धुण्याच्या सोड्यात तासभर उकळावा लागतो. पांढराशुभ्र दिसणारा दोरा, पण पाणी चहासारखं होतं. तो सोडा मी नीट खळबळून काढला नाही आणि लडी हळदीत घातली, तर ती लालभडक. सासूबाई डोकावल्या आणि म्हणाल्या, "काय गं, कुंकू केलंस व्हय?" त्यांचं बरोबरच होतं. हळदीत चुना घालून कुंकू करतात, तेच इथं सोड्यानं केलं. लिंबू पिळल्यावर पिवळेपणा परत आला. पण विचार करा, असं खेळणं कुणी साबणानं धुतलं तर?

उन्हाचं त्याहून वाईट. पहिलं बदक खिडकीत ठेवलं होतं. पंधरा दिवसांत काचेकडची बाजू पार फिकट, पाठ मात्र पिवळीजर्द. आमच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, पण ते काही रंगाच्या पक्केपणाचं नव्हे.

खरं काम केलं हिरड्यानं आणि डाळिंबाच्या सालींनी. साली रसवाल्याकडून फुकट मिळतात, आटपाडीची डाळिंबं बाजारात असतात तेव्हा तर पोतंभर. रंग पक्का बसावा म्हणून आधी १०० ग्रॅम दोऱ्याला २० ग्रॅम हिरडापूड, रात्रभर भिजवून. दुसऱ्या दिवशी १५ ग्रॅम तुरटीच्या गरम पाण्यात. मग सालींच्या काढ्यात तासभर. मोहरीच्या चटणीसारखा मळकट पिवळा येतो. हळदीसारखा डोळ्यांत भरत नाही, पण सहा महिने झाले, आहे तसा आहे. हिरड्याच्याच दोऱ्याला गंजक्या खिळ्यांचं पाणी दाखवलं की राखाडी होतो. माझे सगळे हत्ती त्यातूनच आले. खिळ्यांचं पाणी जपून वापरा, जास्त झालं की दोरा कमजोर होतो. पातेलं स्टीलचं आणि वेगळंच ठेवा, पुन्हा त्यात आमटी नाही.

एका हत्तीला तीन संध्याकाळी जातात. "दोनशेला दे की" म्हणणाऱ्यांना मी हल्ली सुई हातात देते. हळदीचं बदक मागणाऱ्यांना आधीच बजावते, उन्हात ठेवू नका, साबण लावू नका, बाळाच्या तोंडात तर नकोच. तरी दिसलं की सगळ्यांना बदकच हवं असतं.