चावीचं रिकामं कव्हर: काम झालं, पण चिप सांभाळा

गाडीची चावी कडीपाशीच तुटली. बटणाचं रबर तर आधीच फाटलेलं. दोन महिने चिकटपट्टी गुंडाळून ढकलले. नवी चावी म्हणजे कोडिंगचाही (ती गाडीला ओळखवून देण्याचा) खर्च, म्हणून नुसतं रिकामं कव्हर मागवलं. आतलं सर्किट शाबूत असेल तर तेवढं पुरतं.

जुनं कव्हर उघडताना मात्र घाई नडली असती. कोपऱ्यात करंगळीच्या नखाएवढी काळी चिप चिकटवलेली होती. प्लास्टिकचा तुकडा समजून मी ती टाकणारच होतो! ती नसली तर चावी फिरते, पण इमोबिलायझर, म्हणजे गाडीतली चोरी रोखणारी यंत्रणा, इंजिन चालू होऊ देत नाही. हळूच खरवडून काढली, नव्यात बसवली. पातं पिनेने अडकवलेलं; ती बारीक पिन ठोकून काढण्यात अर्धा तास आणि एक नख गेलं. (कव्हरसोबत आलेलं पातं कोरं होतं, त्याला खाचा पाडून घ्याव्या लागल्या असत्या. जुनंच बरं.)

हात लागलाच होता, म्हणून ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेलही बदलला. बटणं कडक आहेत, लॉकचं कधी कधी दोनदा दाबावं लागतं. जोड घट्ट, कडी जाड. सोबतचा स्क्रू ड्रायव्हर अगदीच टाकाऊ.