छातीतला खड्डा आणि व्हॅक्यूम बेल: एकाच घरातल्या तीन वयांचा अनुभव

छातीतला खड्डा आमच्या घराण्याला नवीन नाही. मला आहे, माझ्या धाकट्या मुलाला आहे आणि धुळ्याला दिलेल्या बहिणीच्या मुलालाही आहे. डॉक्टर याला पेक्टस एक्सकॅव्हेटम म्हणतात. साधारण ३०० ते ४०० बाळांमागे एकाला असतो, मुलींपेक्षा मुलांमध्ये कितीतरी जास्त. गेलं दीडेक वर्ष आम्ही तिघांनी ऑपरेशनऐवजी व्हॅक्यूम बेल, म्हणजे हवा काढून छातीचं हाड वर ओढणारं साधन, लावून पाहिली. सुरुवात केली तेव्हा मुलगा १० वर्षांचा, भाचा १७ चा आणि मी ३९ चा होतो. साधन तेच, पण गुण तिघांना सारखा आला नाही. म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट बोलून घेतो. मुलगा झाला तेव्हा अमळनेरला आमच्या गल्लीत जी ती बाई माझ्या बायकोला विचारायची, ग्रहण पाळलं नव्हतं का? पुढे दूध कमी पडलं, पोरगं वाकून बसतं, अशी कारणं निघत गेली. यातलं एकही खरं नाही. फासळ्यांना उरोस्थीशी, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाशी, जोडणाऱ्या कूर्चा (मऊ, लवचिक हाडासारखा भाग) वेड्यावाकड्या वाढतात आणि हाड आत जातं. पुष्कळ घरांत ते पिढीतून पुढे येतं. आमच्याकडे माझ्याच बाजूनं आलंय. बाळाच्या आईला बोल लावणं बंद करा, एवढी कळकळीची विनंती.

एकार्ट क्लोबे नावाच्या जर्मन इंजिनिअरनं ही बेल काढली. त्याच्या स्वतःच्याच छातीत खड्डा होता. सिलिकॉनची मऊ कड, मध्ये पारदर्शक झाकण आणि नळीला जोडलेला हातपंप, एवढंच ते यंत्र. उताणं झोपून खड्ड्यावर ठेवायचं आणि हवा काढायची. झाकणातून हाड वर येताना डोळ्यांनी दिसतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आमच्या आईनं नातवाला विचारलं, "दुखस का रे भाऊ?" तो म्हणाला, "नई, फक्त ओढस." माझाही अनुभव तसाच. दुखत नाही, आतून ताण बसतो. काढली की हाड बरंचसं परत खाली जातं. रोज, महिनोन्‌महिने वर ओढून ठेवल्यावर ते मुळात जिथं बसतं ती पातळी हळूहळू वर सरकते.

ती मागवण्याआधी आम्ही नाशिकला लहान मुलांच्या सर्जनना दाखवलं. त्यांनी इको (हृदयाची सोनोग्राफी) करायला लावली, सांधे आणि हातापायांची लांबी पाहिली, रक्त गोठण्याबद्दल विचारलं. मारफान सिंड्रोम (सांधे, हृदय, रक्तवाहिन्या यांचे धागे सैल करणारा जन्मजात आजार), ठिसूळ हाडांचा आजार, रक्तस्रावाचा आजार किंवा हृदयाचा दोष असेल तर बेल लावायची नसते. पहिल्यांदा लावायची तीही डॉक्टरांसमोरच. ऑनलाइन मिळणारे कपिंगचे पेले छातीला चिकटवणारे लोक मी पाहिलेत. कृपा करून तसं करू नका.

मुलाला सर्वांत जास्त फायदा झाला. पहिल्या आठवड्यांत सकाळी शाळेआधी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास, पुढे वेळ वाढवत दिवसाचे तीन-चार तास. अभ्यास करताना, टीव्ही पाहताना शर्टाच्या आत बेल असायची. त्याचा खड्डा दीड सेंटीमीटरच्या आत होता, छाती लवचिक आणि दोन्ही बाजूंनी सारखी. ११ वर्षांच्या आत सुरुवात, दीड सेंटीमीटरपर्यंतची खोली, लवचिक छाती आणि सलग वर्षभराहून जास्त वापर, या चार गोष्टी जमल्या तर निकाल चांगला येतो असं सर्जननी सांगितलं होतं. त्याच्या चारही जमल्या. आज खड्डा जेमतेम जाणवतो. या आखाजीला चुलत भावांबरोबर तो उघड्या अंगानं विहिरीत पोहायला उतरला. आधी त्याला शर्ट काढ म्हटलं तरी रडू यायचं.

भाच्याचं तसं नाही. त्याचा खड्डा खोल आणि एका बाजूला जास्त. सीटी स्कॅनवर हॅलर इंडेक्स काढतात: छातीची आतली रुंदी भागिले उरोस्थी ते मणका हे अंतर. सर्वसाधारण माणसाचा तो अडीचच्या आसपास असतो आणि ३.२५ च्या वर गेला की ऑपरेशनचा विचार होतो. त्याचा वर होता. बेलनं थोडा उठाव आला, पण तिरकेपणा तसाच राहिला. शिवाय बारावीच्या क्लासमुळे रोजचा नेम टिकला नाही. धावताना त्याला दम लागायचा, तो अजूनही लागतो. आता नस (Nuss) नावाच्या सर्जनच्या पद्धतीनं करायच्या ऑपरेशनचं बोलणं चाललंय. त्यात छातीत वाकवलेली धातूची पट्टी घालतात आणि दोन-तीन वर्षांनी काढतात. बेल वापरली ती वाया गेली असं मी म्हणणार नाही, पण त्याच्या आईला पहिल्याच दिवशी खरी शक्यता कळायला हवी होती. तिला ती कोणी नीट सांगितली नाही, याचा मला अजूनही राग येतो.

माझ्या वयाला फासळ्या कडक झालेल्या. फरक पडला, पण थोडा, आणि तोही वर्ष उलटल्यावर. सुरुवातीला पाठ दुखली, दोनदा हातांना मुंग्या आल्या, तेव्हा पंप कमी मारायला शिकलो. चाळिशीतल्या माणसानं किंमत मोजण्याआधी याचा विचार करावा.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं. आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो. सिलिकॉनच्या कडेखाली घाम साचून पोराला घामोळं आलं, गोल लाल वळ उठले, कधी निळसर डागही. मे महिन्यात आम्ही पहाटे आणि रात्री कूलरसमोर लावायचो. कातडी कोरडी पुसून मगच. वळ सकाळपर्यंत गेला नाही तर त्या दिवशी सुट्टी.

माप मात्र आरशात घेऊ नका. उताणं झोपवून छातीवर आडवी पट्टी ठेवा आणि दुसरी पट्टी खड्ड्यात उभी धरा. महिन्यातून एकदा, सकाळी, बेल लावायच्या आधी. आम्ही आकडे कॅलेंडरवर लिहितो. मध्ये तीन महिने आकडा हललाच नव्हता. पोरगं कंटाळलं होतं, पण मागची पानं उलटून दाखवल्यावर परत तयार झालं.

व्यायामाबद्दल सगळे विचारतात. पोहणं, दीर्घ श्वास, पाठीचे व्यायाम यांनी मुलगा ताठ बसायला लागला आणि खांदे मागे गेले. नुसत्या व्यायामानं हाड वर येत नाही.

मुलाची बेल सध्या संध्याकाळपुरतीच ठेवली आहे. उंची झपाट्यानं वाढायच्या वयात खड्डा पुन्हा खोल होऊ शकतो, म्हणून मिसरूड फुटेपर्यंत माप चालू ठेवायचं आणि आकडा वाढला तर वेळ पुन्हा वाढवायची, असं सर्जनशी बोलून ठरवलंय.